पहिल्या हाकेला ओ

ईश्वरप्पाला बोलवायचं तर दोनदा हाक मारावी लागते, हे त्याच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पहिल्या हाकेला गडी ढिम्म हलत नाही. जेवायला बोलवा, फोन आलाय म्हणा, आग लागली म्हणून बोंब ठोका. पहिली हाक वायाच. दुसरी आली की मात्र "ओ" म्हणून लगेच हजर. रत्नम्मा लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं, बहिरा नवरा गळ्यात मारला. तिनं माहेरी तसा निरोपही धाडला होता म्हणे. पुढं कळलं की कान शाबूत आहेत, भानगड निराळीच आहे.

ती भानगड त्याच्या गावची, शिरूर अनंतपाळची. ईश्वरप्पाचा धाकटा भाऊ उमाशंकर तेव्हा नुकता शाळेत जाऊ लागला होता. उन्हाळ्यातल्या भर दुपारी दोघं भाऊ रानात बाभळीखाली लवंडले होते. आजूबाजूला चिटपाखरू नाही. उमाशंकर एकाएकी "ओ" म्हणाला आणि उठून चालायला लागला. कुठं रे, असं ईश्वरप्पानं विचारलं, तर म्हणाला, बोलवायलेत. कोण, ते काही त्यानं सांगितलं नाही. ईश्वरप्पाला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. डोळ्यांवर झापड होती, तो तसाच पडून राहिला. ऊन कलल्यावर उमाशंकर विहिरीत सापडला.

आईनं त्या दिवशी ईश्वरप्पाकडून वचन घेतलं. भर दुपारी नि तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असलं तर दुसऱ्यांदा हाक मारतं. जे माणूस नसतं, ते एकदाच बोलावतं. ईश्वरप्पानं दुपार, सांज असला काही भेदच ठेवला नाही. आठही प्रहर तोच नियम. त्याची एकुलती एक लेक अंजू लहानपणापासून "आप्पा, आप्पा" अशी जोडीनंच हाक मारायला शिकली, आणि बापाचं नाव दोनदा घ्यायचं असतं असंच तिला कैक वर्षं वाटत होतं.

आता गंमत बघा. ईश्वरप्पा लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि घरात कुणी अंड्याचं नाव काढलं तरी रत्नम्मा चूळ भरायला लावणार. असा माणूस लातूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागला आणि त्याच्या वाट्याला काम आलं ते अंडी सांभाळायचं. खायची नव्हेत, उबवायची. आणि उबवायची तीही पिल्लं निघेपर्यंत नाही. प्रयोग झाला की अर्ध्या वाटेवर थंडगार फ्रीजरमध्ये ठेवून द्यायची, म्हणजे खेळ खलास.

नोकरी ती नोकरी. पण संध्याकाळी घरी आला की रत्नम्मा त्याला मोरीत अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नसे. हाताला वास येतो म्हणायची. वास कसला येतोय? पण ईश्वरप्पा मुकाट्यानं अंगावर पाणी घ्यायचा, कारण हाताला काहीतरी लागलंय असं त्यालाही वाटायचं.

अंडं जिवंत आहे की नाही, हे बघायची एक रीत असते. खोलीत अंधार करायचा आणि टॉर्चच्या तोंडावर अंडं धरायचं. आत उजेड भरला की लाल बारीक रेघांचं जाळं दिसतं आणि त्या जाळ्यात एक ठिपका. तो ठिपका उडत असतो. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या अंगावर सरसरून काटा येतो. ईश्वरप्पाला इतकी वर्षं झाली, तरी त्याच्या अंगावर येतोच. असे उडते ठिपके स्वतःच्या हातानं फ्रीजरमध्ये ठेवायचे म्हणजे काय चेष्टा आहे?

म्हणून त्यानं आपल्यापुरता एक उपाय काढला होता. लिंगायतांत माणूस गेला की त्याला बसवून, भस्म लावून, बेल वाहून मातीत ठेवतात. भस्माशिवाय कुणाला वाटेला लावत नाहीत. मग या जिवांनी काय घोडं मारलंय? ईश्वरप्पा खिशात विभूतीची वडी ठेवायचा आणि रोज सकाळी कुणी यायच्या आत प्रत्येक अंड्याच्या डोक्याला अंगठ्यानं जरासं भस्म टेकवायचा. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पांढऱ्या कवचावर पांढरी राख, दिसणार कुणाला?

ती अंडी होती शिवानीची. शिवानी उदगीरची पोर, बोलायला फटकळ आणि कामाला वाघीण, तिथं पीएच.डी. करत होती. कॉलेजात शिपायाला मामा म्हणतात, तशी तीही ईश्वरप्पाला मामा म्हणायची. तिचा प्रश्न ऐकायला सोपा होता. पोटातल्या जिवाला मूत्रपिंडाचा अंकुर फुटतो, तेव्हा त्यात रक्त नसतंच म्हटलं तरी चालेल. मग नेमक्या जागी, नेमक्या वाटेनं रक्तवाहिन्या त्याच्यापर्यंत पोचतात कशा? त्यांना ना डोळे, ना कुणी वाटाड्या. शिवानी सांगायची की अंकुरच त्यांना बोलावतो. त्याच्यातल्या पेशी बारीक रेणू बाहेर सोडतात. व्हीईजीएफ नावाचा एक आहे, तो म्हणतो इकडं या. नेट्रिनसारखे दुसरे असतात, ते म्हणतात इथून या, तिथून नको. वाहिन्यांची टोकं ते रेणू चाचपत चाचपत पुढं सरकतात.

ईश्वरप्पा कान देऊन ऐकत होता. म्हणजे हाक मारतंय म्हणा की, तो म्हणाला. शिवानी हसली. हाव मामा, हाकच समजा, ती म्हणाली, आणि आपल्या कामाला लागली. तिला काय ठाऊक, कुणापुढं काय बोललो ते.

तिचा प्रयोग असा होता. एका अंड्यातल्या पिल्लाच्या मूत्रपिंडाचा अंकुर, खसखशीच्या दाण्याएवढा, उचलायचा. दुसऱ्या जिवंत अंड्याच्या डोक्यावर कवच कापून खिडकी पाडायची, आतल्या पडद्यावर तो दाणा ठेवायचा आणि वरून चिकटपट्टी लावायची. काही दिवसांनी उघडलं की परक्या अंड्याच्या वाहिन्या आपली वाट सोडून त्या दाण्याकडं वळलेल्या दिसायच्या. कुणाचा कोण तो तुकडा, पण सगळ्या तिकडंच. काही अंड्यांत शिवानी एक औषध सोडायची, त्यानं अंकुराची हाक दाबली जायची. त्या अंड्यांत वाहिन्या दाण्याच्या शेजारून सरळ निघून जायच्या, तिथं कुणी नाहीच अशा. ईश्वरप्पानं त्यांना नाव दिलं मुकी अंडी. बाकीची बोलकी. ती नावं शिवानीनंही उचलली.

मार्च संपत आला होता. एका दुपारी लाइट गेली आणि इन्क्युबेटरची घरघर एकदम बंद पडली. ती घरघर कानांना इतकी सवयीची, की थांबल्यावर खोली मोठी झाल्यासारखी वाटली. शिवानी जेवायला गेली होती. जनरेटर चालू व्हायला थोडा वेळ होता. ईश्वरप्पा यंत्राच्या दारावर जुनी चादर टाकत होता, ऊब जाऊ नये म्हणून, आणि तेवढ्यात हाक आली.

"आप्पा."

एकदाच. आवाज बारीक, लहान लेकराचा, यंत्राच्या बाजूनं आलेला. ईश्वरप्पा गारठला. कॉलेजात त्याला आप्पा म्हणणारं कुणीच नव्हतं. आप्पा म्हणणारी जगात एकटी अंजू, ती नांदेडला सासरी, आणि तिचा आवाज हा नव्हे. तो चादर हातात धरून दुसऱ्या हाकेची वाट बघत उभा राहिला. दुसरी हाक आलीच नाही. जनरेटर सुरू झाला, यंत्र पुन्हा घरघरायला लागलं, आणि ईश्वरप्पाच्या हातातली चादर घामानं ओली झाली होती.

संध्याकाळी घरी गेला तर रत्नम्मा भिंतीला टेकून बसलेली. चूल थंड. अंजूला दिवस गेले होते, पहिलंच. तिचा नवरा सोमेश, नांदेडला त्याचं हार्डवेअरचं दुकान. त्याचा फोन येऊन गेला होता. दुपारी सोनोग्राफी झाली होती. बाळाचं डावं मूत्रपिंड जागेवर दिसत नव्हतं. उजवं होतं, पण त्यात रक्त खेळताना नीट दिसत नव्हतं. आणि पिशवीतलं पाणी कमी होतं.

ईश्वरप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी त्यानं शिवानीला गाठून सगळा खुलासा करून घेतला. शिवानीनं आधी टाळाटाळ केली, मग खरं ते सांगितलं. बाळाभोवतीचं पाणी म्हणजे बव्हंशी बाळाचीच लघवी असते. दोन्ही मूत्रपिंडांनी कामच केलं नाही तर पाणी आटतं, पाणी आटलं की फुप्फुसं वाढत नाहीत, आणि मग ते लेकरू जगत नाही. एक जरी चाललं तरी निभावतं. पण चालायला त्यात रक्त पाहिजे. थोडक्यात काय, तर लेकरू मुतलं तर जगणार. रत्नम्मानं ते तसंच, उघड्या शब्दांत शेजारणीला सांगितलं आणि पदर तोंडाला लावला.

ईश्वरप्पाचा जीव टांगणीला लागला. आता टॉर्चवर अंडं धरलं की त्याला त्या लाल जाळ्यात भलतंच दिसायला लागलं. इतके जीव या हातांनी गार केले, त्याचं हे फेडणं तर नव्हे? मुक्या अंड्यांचा तर त्याला फारच कळवळा येऊ लागला. आतला दाणा बोलावतोय, पण आवाजच फुटत नाही, आणि रक्त शेजारून निघून जातंय. पूर्वी तो भस्म नुसतं टेकवायचा. आता मुक्या अंड्यांच्या डोक्यावर सढळ हातानं चोळायला लागला, आणि चोळताना ओठांतल्या ओठांत शिवाचं नाव.

त्याच खेपेला मुक्या अंड्यांत रक्त आलं. शिवानीनं खिडकीची पट्टी काढली आणि ती खुर्चीवरून उठलीच. वाहिन्या चारही बाजूंनी धावून आल्या होत्या, गाडीच्या चाकाला आरे असतात तशा. एकात नाही, दोनात नाही, जवळजवळ सगळ्या मुक्या अंड्यांत. हाक दाबलेली, तरी आल्या. तिनं ईश्वरप्पालाही भिंगातून दाखवलं. त्यानं बघितलं, पुन्हा बघितलं. बोलावल्याविना आल्या होत्या. कशाला आल्या, ते त्याच्या दृष्टीनं लख्ख होतं.

शिवानीच्या सरांना तर काय करू नि काय नको असं झालं. हे काहीतरी नवीनच आहे, पुण्याच्या परिषदेत मांडायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. ईश्वरप्पा गप्प बसला. देवाचं देणं, त्याचा गाजावाजा कशाला करायचा?

आठवा लागल्यावर अंजू लातूरला आली. त्यांच्यात आठव्या महिन्यात पोटातल्या जिवालाच लिंग देतात. स्वामी येतात, मंत्र म्हणतात, आईच्या पोटाला भस्म लावतात, आणि ते लिंग बाळाच्या नावानं जपून ठेवतात. बाकी सगळं स्वामींनी केलं, पण भस्म ईश्वरप्पानं आपल्या खिशातलं दिलं, तीच वडी. विधी झाल्यावर अंजू त्याच्याजवळ येऊन बसली. एरवी बापाची टिंगल करणारी पोर. त्या दिवशी तिचा चेहरा उतरलेला होता. तिनं "आप्पा, आप्पा" केलं आणि मग हळूच विचारलं, वाचेल का हो?

"मुक्यात सुद्धा रक्त आलंय, मी डोळ्यानं बघितलंय," ईश्वरप्पा म्हणाला. "तुझं तर बोलकं हाय. कायबी होत न्हाई."

तिला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण बाप इतक्या खात्रीनं बोलला म्हणून तिच्या जिवाला बरं वाटलं. त्या रात्री ती पोटभर जेवली, हे रत्नम्मानं मुद्दाम त्याला सांगितलं. बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करायचं ठरलं होतं, म्हणून दोन दिवसांनी सोमेश तिला नांदेडला परत घेऊन गेला.

इकडं शिवानी काही स्वस्थ नव्हती. सर खूश होते, पण तिला ते पटत नव्हतं. जी गोष्ट व्हायलाच नको ती होते, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असं ती म्हणायची. तिनं औषध तपासलं, अंडी देणाऱ्या कमरुन्निसाबीला कोंबड्यांना काय खायला घालता म्हणून विचारून हैराण केलं. अहमदपूरच्या रस्त्यावर त्या बाईची पोल्ट्री होती. एक दिवस मोठ्या भिंगाखाली तिला त्या आऱ्यांच्या बरोबर मध्यावर, दाण्याच्या अंगाला चिकटलेले, पांढुरके बारीक कण दिसले. तिनं प्रयोगशाळेत सगळ्यांना विचारलं, हे काय असू शकतं. विचारताना ती ईश्वरप्पाच्या कपाळाकडं बघत नव्हती. तिला संशयच नव्हता.

ईश्वरप्पाला मात्र लगेच कळलं, कवच कापताना डोक्यावरचं भस्म आत पडत होतं. तो दिवस आणि ती रात्र त्यानं कशी काढली, ते त्याचं त्यालाच ठाऊक. बोलला नसता तर कुणाला कळणार होतं? पोरगी पुण्याला जाऊन मांडून आली असती. तिचं हसं झालं असतं, पण ते पुढंमागं कधीतरी. आणि बोलला, तर ते रक्त भस्मानंच आलं का, हे ती तपासणार. तपासल्यावर काय निघेल, याचीच त्याला भीती होती. त्याचा सगळा धीर, अंजूला दिलेला शब्द, सगळं त्या चिमूटभर राखेवर उभं होतं. पण कुणी विहिरीकडं चाललंय ते बघून पडून राहायचं, हे त्यानं एकदा केलं होतं, आता दुसऱ्याच्या लेकीच्या बाबतीत पुन्हा करायचं नव्हतं. सकाळी तो शिवानीपुढं उभा राहिला आणि खिशातली वडी काढून टेबलावर ठेवली.

शिवानी भडकली. कितीतरी महिन्यांचं काम मातीत गेलं होतं, भडकणारच. तिनं त्याला वाटेल ते बोलून घेतलं. शेवटी उठली, फळ्याजवळचा खडू घेतला, चिमटीत चुरला, भट्टीत तापवून निर्जंतुक केला, आणि दाणा न ठेवताच, नुसता खडू, नव्या अंड्यांच्या पडद्यावर भुरभुरला. ईश्वरप्पाला म्हणाली, मामा, तुम्हीच उघडून बघा आता.

त्यानं उघडून बघितलं. खडूभोवतीही वाहिन्या जमल्या होत्या. तसेच चाकाचे आरे.

ईश्वरप्पा मटकन स्टुलावर बसला. त्याचं तोंड बघून शिवानीचा राग ओसरला. तिला अंजूचं ठाऊक होतंच. तिनं समजावलं की असंच असतं, कचरा पडला, कवचाचा चुरा पडला, तरी त्या धावतात. पण धुळीभोवती त्या नुसती गर्दी करतात. खरा अंकुर असला तर आत शिरतात, आत आपलं जाळं विणतात आणि राहतात. फरक तो आहे.

"मग कोण बोलावतंय, ते बघत न्हाईत?" ईश्वरप्पानं विचारलं.

"न्हाई."

"पहिल्याच हाकेला जातात?"

"दुसरी हाक असतीच कुठं, मामा?" शिवानी म्हणाली. "अंकुर थोडाच वेळ बोलावतो. तेवढ्यात रक्त आलं तर आलं, न्हाईतर सुकून जातो. त्या वाट बघत बसल्या असत्या, तर तुम्हाला नि मला मूत्रपिंडच नसतं."

ईश्वरप्पा उठून इन्क्युबेटरच्या खोलीत गेला. बाहेर ऊन रणरणत होतं. यंत्र घरघरत होतं, आत अंडी ओळीनं बसलेली, आणि त्यांच्या डोक्यांवर आज भस्म नव्हतं. त्याला वाटलं, आता आपल्याजवळ काहीच उरलं नाही. अंजूला काय सांगायचं? तो दाराला पाठ लावून उभा होता, आणि घरघरीच्या मधून, अगदी जवळून, तीच हाक आली. "आप्पा."

ओ त्याच्या गळ्यापर्यंत आली. तोंडही उघडलं. पण डोळ्यांपुढं बाभळीखालून उठून चाललेला उमाशंकर आला आणि त्यानं तोंड मिटलं. तो तसाच उभा राहिला, कान टवकारून. खोलीत घरघरीशिवाय काही नव्हतं. त्या वेळी त्याला पहिल्यांदाच भीतीऐवजी वाईट वाटलं. कुणीतरी बोलावून, वाट बघून, निघून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमेशचा फोन आला. अंजूचं पाणी फारच कमी झालं होतं, बाळाचे ठोके मंदावत होते, आणि तिला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं होतं. दिवस भरायला अवकाश होता, पण पोट फाडून बाळ काढावं लागणार होतं. ईश्वरप्पा आणि रत्नम्मा मिळेल त्या जीपनं निघाले. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, रत्नम्मा सारखी गळ्यातलं लिंग मुठीत धरून काहीतरी पुटपुटत होती. ईश्वरप्पा खिडकीतून बघत होता. त्याच्या खिशात वडी नव्हती. ती लातूरला टेबलावरच राहिली होती.

पोचले तेव्हा अंजूला आत नेलं होतं. डॉक्टरीण बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की बाळ रडलं म्हणजे झालं असं नाही, ते लघवी करतं का ते बघावं लागेल, कशाचाच भरवसा देता येत नाही. सोमेशला औषधं आणायला खाली पिटाळलं. रत्नम्माला चक्कर आली, म्हणून कुणीतरी तिला जिन्याजवळच्या बाकावर आडवं केलं. ऑपरेशनच्या दारापुढं ईश्वरप्पा एकटाच राहिला. भर दुपार. व्हरांड्यात उन्हाची तिरीप, पंखा फिरत होता आणि वारा काही लागत नव्हता. एवढा गजबजलेला दवाखाना, पण त्या टोकाला कुणीच नव्हतं. दारावर लाल दिवा लागलेला. आतून आवाज नाही, रडणं नाही, काही नाही.

बराच वेळ गेला. इतकं गप्प असू नये, असं त्याला वाटायला लागलं.

"आप्पा."

दाराच्या आतून आली होती. बारीक, तीच. मागच्या दोन वेळांपेक्षा दमलेली.

ईश्वरप्पाला आई आठवली, विहीर आठवली. जे माणूस नसतं ते एकदाच बोलावतं. आणि मग शिवानी आठवली. दुसरी हाक असतीच कुठं? जे असेल ते असो, त्याला वाटलं. न्यायचं असलं तर मला नेऊ दे. पण तिकडं कुणी माझं असलं, आणि मी उभाच राहिलो, तर?

"ओ," ईश्वरप्पा म्हणाला.

इतक्या मोठ्यानं म्हणाला की जिन्याजवळ रत्नम्मा दचकून उठून बसली. लग्नापासून तिनं त्याची अशी ओ ऐकली नव्हती. तो "ओ, आलो, आलो" म्हणत दारापर्यंत गेला, दारावर तळवा टेकला, आणि त्याच क्षणी आतून बाळाचं रडणं फुटलं. आधी चिरकं, मग चांगलं खणखणीत. ईश्वरप्पा दाराला धरून तिथंच खाली बसला.

थोड्या वेळानं दार उघडलं. सिंधु नावाची नर्स, हातात गाठोडं, आणि दारातच बसलेला म्हातारा बघून तिचा पारा चढला. इथं कोण बसू देतं म्हणून ती खेकसली. मग त्याचं तोंड बघून तिला काय वाटलं कोण जाणे, ती हसली.

"लेक झाली बघा," ती म्हणाली. "आधी रडंनाच. आम्ही आशा सोडली होती. आन रडली ती रडली, माझ्या अंगावर मुतली. सगळा गाऊन भिजवला."

ईश्वरप्पानं ऐकलं आणि त्याला पुन्हा ऐकायचं होतं. काय म्हणालात, असं त्यानं तीनतीनदा विचारलं. सिंधुनं ओला गाऊन पुढं करून दाखवला. हा माणूस त्या ओल्या कापडाला हात लावतो काय, तो हात डोळ्यांना लावतो काय, आणि ओक्साबोक्शी रडतो काय. ती म्हणाली, बाबा, किळस न्हाई का? किळस? घरी अंड्याला शिवलं म्हणून अंघोळ करणारा माणूस तो! त्या दिवशी त्यानं तो हात रात्रीपर्यंत धुतला नाही.

मग त्याला आठवलं. त्यानं विचारलं, आतून आप्पा म्हणून हाक कोणी मारली? अंजू शुद्धीवर आलीय का? सिंधुनं सांगितलं की तिला पूर्ण भूल दिलेली आहे, तासभर तरी बोलायची नाही. आणि आत आम्ही चौघी, आमच्यातलं कोण तुम्हाला आप्पा म्हणणार? ती बाळाला तपासायला घेऊन गेली. ईश्वरप्पा दाराकडं बघत राहिला.

पुढं बाळाची तपासणी झाली, तेव्हा सगळं उजेडात आलं. उजवं मूत्रपिंड लहानसं, पण त्यात रक्त होतं. आणि डावं नव्हतंच असं नाही. ते खाली राहिलं होतं, कमरेच्या खोबणीत. शिवानीनं फोनवर सांगितलं की मूत्रपिंड आधी तिथंच खाली उगवतं आणि मग वर चढतं. चढताना खालच्या वाहिन्या सोडत जातं, वरच्या धरत जातं. हे चढलंच नाही. पण जिथं राहिलं तिथून त्यानं बोलावलं, आणि शेजारच्याच एका धमनीतून फाटा फुटून रक्त त्याच्याकडं गेलं होतं. भलत्या वाटेनं, पण गेलं होतं. दोन्ही चालत होती.

शिवानीनं पुढं नव्यानं अंडी लावली. मुकी अंडी मुकीच राहिली, आणि तिचं काम खरं निघालं. ईश्वरप्पा आता कपाळ पुसून, हात धुऊन प्रयोगशाळेत शिरतो. अंड्यांना भस्म लावतो ते शेवटी, फ्रीजरमधून काढल्यावर. कॉलेजामागच्या लिंबाखाली तो त्यांना मातीत ठेवतो, आणि शिवानी तेव्हा दुसरीकडं बघते. घरी अजूनही त्याला दोनदाच हाक मारावी लागते. ती खोड काही मोडलेली नाही. फक्त एका बाबतीत त्याचा नियम सुटला आहे.

नातीचं नाव मंजुषा ठेवलं. ती वर्षाची व्हायच्या आत बोलायला लागली. संक्रांतीला अंजू तिला घेऊन लातूरला आली होती. दुपारची वेळ, ईश्वरप्पा ओसरीवर तीळ निवडत बसला होता, पोर आत पाळण्यात. रत्नम्मा सांगते की पोरीनं तोवर आई नाही, बाबा नाही, काहीच म्हटलं नव्हतं. तिचा पहिला शब्द तोच.

"आप्पा."

एकदाच. ईश्वरप्पाच्या हातातलं सूप खाली पडलं. तीळ ओसरीभर झाले. तो आवाज त्यानं आधी तीनदा ऐकला होता.

"ओ," तो म्हणाला, आणि उठून आत गेला.